जेरी वेस्टचा दुसरा डाव

जेरी वेस्टला स्वतः बांधलेल्या संघाचे सामने बघवत नसत. लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचा जनरल मॅनेजर असताना, संघ ऐन भरात असताना, सतरा हजार माणसं घसा फाटेपर्यंत ओरडत असताना हा माणूस उठून बाहेर जायचा. कधी पार्किंगमध्ये येरझारा, कधी गाडी काढून उगाच हायवेवर भटकंती. सामना जितका मोठा, तितका तो कोर्टापासून लांब.

हे वाचलं तेव्हा मला त्याच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. खेळाडूच्या हातात चेंडू असतो. चुकलं तर पुढच्या मिनिटाला भरून काढता येतं, धावता येतं, निदान घाम गाळता येतो. जनरल मॅनेजरचं काम मात्र चेंडू हवेत उडायच्या आधीच संपलेलं असतं. कुणाला घ्यायचं, कुणाला पाठवायचं, कुणाशी किती वर्षांचा करार करायचा, हे सगळं कित्येक महिन्यांपूर्वी ठरून गेलेलं. सामन्याच्या रात्री त्याच्या वाट्याला फक्त निकाल येतो. आणि वेस्ट तर असा खेळाडू होता की शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्याचकडे जायचा. अमेरिकेत त्याला ‘मिस्टर क्लच’ म्हणत. अशा माणसाला हात बांधून खुर्चीवर बसायला लावणं ही शिक्षाच. तरी त्याने ती खुर्ची जवळजवळ चाळीस वर्षं, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या नावांनी सांभाळली.

बास्केटबॉलशी फारशी ओळख नसलेल्यांनीही वेस्टची आकृती पाहिलेली असते. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या बोधचिन्हात चेंडू ड्रिबल करत पुढे झेपावणारी जी पांढरी सावली आहे, ती त्याच्या एका छायाचित्रावरून बेतलेली. लीगने हे अधिकृतपणे कधी मान्य केलं नाही, पण चिन्ह काढणाऱ्या ॲलन सीगलने सांगितलेलं आहे. याबद्दल इतकं लिहून झालंय की मी इथेच थांबतो. मला त्या सावलीपेक्षा कोट घातलेला, केस पांढरे झालेला, सतत अस्वस्थ असलेला वेस्ट जास्त खुणावतो.

तो वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या पट्ट्यातला, १९३८ चा जन्म. घरात बापाचा मार. तेरा वर्षांचा असताना लाडका मोठा भाऊ डेव्हिड कोरियाच्या युद्धात मारला गेला. शेजाऱ्याच्या शेडला ठोकलेल्या रिंगवर हा मुलगा एकटाच तासन्‌तास चेंडू टाकत राहायचा. पुढे आयुष्यभर त्याला नैराश्याने छळलं, आणि ते त्याने आत्मचरित्रात न लपवता लिहिलं. त्या पिढीतल्या अमेरिकन पुरुष खेळाडूने असं लिहिणं सोपं नव्हतं.

खेळाडू म्हणून त्याचे आकडे डोळे दिपवणारे आहेत: लेकर्सकडून चौदा हंगाम, चौदाही वेळा ऑल-स्टार (म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत), २५,१९२ गुण, सामन्यामागे सरासरी २७. आणि नऊ वेळा फायनल गाठून आठ वेळा हार. त्यातल्या सहा एकट्या बोस्टन सेल्टिक्सकडून.

१९६९ ची हार सगळ्यांत जिव्हारी लागलेली. ५ मे, सातवा आणि निर्णायक सामना, लेकर्सच्या घरच्या मैदानावर, फोरममध्ये. संघमालक जॅक केंट कुक यांनी जिंकल्यावर सोडायचे म्हणून हजारो फुगे छताशी बांधून ठेवले होते. वेस्टच्या मांडीचा स्नायू दुखावलेला. त्या पायावर त्याने ४२ गुण, १३ रिबाउंड (नेम चुकलेले चेंडू पकडणं) आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केटसाठी दिलेले पास) केले. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले. फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी नव्याने सुरू झाला होता. तो वेस्टला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा पुरस्कार त्याआधी मिळणं शक्यच नव्हतं, आणि त्यानंतर आजवर कुणाला मिळालेला नाही.

आता याच्या शेजारी १९७१-७२ चा हंगाम ठेवून बघा. लेकर्सचा दुसरा दिग्गज एल्जिन बेलर, वेस्टचा दहा-अकरा वर्षांचा साथीदार, गुडघ्यांनी पार हैराण झालेला. हंगामाचे नऊ सामने झाले आणि बेलरने निवृत्ती घेतली. त्याच्या जागी तरुण जिम मॅकमिलियन आला. बेलर गेल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यापासून लेकर्स जिंकत सुटले ते सलग ३३ सामने. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या वर्षी वेस्टला एकुलतं एक विजेतेपद मिळालं. आणि त्या फायनलमध्ये वेस्टचा स्वतःचा नेम धड लागत नव्हता.

म्हणजे जीव तोडून, आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करून तो हरला, आणि स्वतः चाचपडत असताना जिंकला. एका जिवलग सहकाऱ्याला बाजूला व्हावं लागलं आणि संघ मोकळा झाला. पुढे वेस्टने संघ कसे बांधले हे बघताना मला सारखं वाटतं, की त्याच्यातला जनरल मॅनेजर त्या हंगामात घडायला लागला असणार. संघ उभा राहतो तो आजूबाजूला कोण उभं आहे यावर, आणि त्यासाठी कधीकधी फार प्रिय माणूस जावा लागतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. (बेलरही पुढे जनरल मॅनेजरच झाला. लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघात, क्लिपर्समध्ये, तब्बल बावीस वर्षं. पैसा सोडायला नाखूश असलेल्या मालकाच्या हाताखाली त्याने काय सोसलं असेल, त्यावर वेगळं लिहायला हवं.)

१९७४ मध्ये करारावरून मालकाशी बिनसलं आणि वेस्टने खेळणं थांबवलं. दोनेक वर्षांनी तो कोच म्हणून परत आला, तीन हंगाम राहिला, तिन्ही वेळा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये नेला आणि त्या कामाचा त्याला वीट आला. आपल्याला जे सहज दिसतं ते समोरच्याला का दिसत नाही, हा मोठ्या खेळाडूंचा कोच झाल्यावरचा नेहमीचा मनस्ताप. मग तो स्काउट झाला. गावोगावच्या कॉलेजांच्या जिममध्ये जाऊन मुलं बघायची. इथे त्याचा सूर लागला. १९८२ मध्ये लेकर्सने त्याला जनरल मॅनेजर केलं.

पुढचं कळायला दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. दर उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. आधीच्या हंगामात जो संघ वाईट खेळला त्याला साधारणपणे आधी निवडायला मिळतं. लेकर्स जिंकत होते, त्यामुळे त्यांची पाळी येईपर्यंत चांगली नावं संपलेली असत. आणि दुसरी, सॅलरी कॅप. संघाने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याला लीगने घातलेली मर्यादा. दोन्हींचा अर्थ एकच, की सगळं काही आपल्याकडे ठेवता येत नाही.

जनरल मॅनेजर झाल्यावर वर्षभरातच त्याने शहराचा रोष ओढवून घेतला. नॉर्म निक्सन हा गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) १९८० आणि १९८२ च्या विजेत्या संघातला, प्रेक्षकांचा आणि सहकाऱ्यांचा लाडका. पण संघाचा मुख्य तारा मॅजिक जॉन्सन आणि निक्सन दोघांनाही चेंडू स्वतःच्या हातात हवा. वेस्टने १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये निक्सनला सॅन डिएगोला पाठवलं आणि बदल्यात बायरन स्कॉट नावाचा, एनबीएचा एकही सामना न खेळलेला मुलगा आणला. संघातल्याच लोकांना ते रुचलं नाही. स्कॉटला सुरुवातीला सहकाऱ्यांनी थंडपणे वागवलं. १९८७-८८ मध्ये लेकर्सने सलग दुसरं विजेतेपद जिंकलं, तेव्हा हंगामात संघाकडून सर्वाधिक सरासरीने गुण केले ते स्कॉटने.

ड्राफ्टमधली त्याची नजर तर मला चमत्कारासारखी वाटते. १९८५ मध्ये तेविसाव्या क्रमांकावर ए. सी. ग्रीन. हा पुढे सलग १,१९२ सामने खेळला, एकही न चुकवता. १९८९ मध्ये सव्विसाव्या क्रमांकावर बेलग्रेडचा व्लादे दिवाच, सात फुटी, इंग्रजी जेमतेम. तेव्हा युरोपातून खेळाडू आणणं हा जुगार मानत. दिवाचला नुकत्याच निवृत्त झालेल्या दिग्गज करीम अब्दुल-जब्बारच्या रिकाम्या जागेत उभं राहायचं होतं. वेस्ट काय बघत असे? मला वाटतं, उडी आणि उंची तर सगळ्यांनाच दिसते. मुलगा चुकल्यावर काय करतो ते बघावं लागतं.

इथे थोडं स्वतःचं. मी शाळेत खेळ शिकवतो. दरवर्षी पावसाळ्यात मुलींचा बास्केटबॉलचा संघ निवडायचा असतो. बारा नावं लिहायची. मैदानावर पंचवीस-तीस मुली येतात, सकाळी सहाला, सायकली भिंतीला टेकवून. पहिली सात-आठ नावं हात आपोआप लिहितो. खरं काम शेवटच्या तीन-चार नावांचं. तिथे कुणाला घेतलं यापेक्षा कुणाला वगळलं हेच मनात राहतं. यादी सूचना फलकावर लागली की मुली घोळक्याने येतात आणि एखादी वरून खालपर्यंत दोनदा वाचते. माझ्या यादीत ना पैसे असतात ना कुणाचं बिऱ्हाड उठतं. वेस्टच्या यादीने बिऱ्हाडं उठत. एका फोनवर माणसाचं गाव, मुलांची शाळा, बायकोची नोकरी बदलत असे. त्याच्या निर्णयांबद्दल वाचताना मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचा विचार करतो.

१९९६ च्या जूनमध्ये तो फोन दिवाचला गेला.

त्याची पूर्वपीठिका अशी. १९९१ मध्ये मॅजिक जॉन्सनला एचआयव्ही असल्याचं निष्पन्न होऊन त्याने निवृत्ती जाहीर केली आणि लेकर्सचं वैभव ओसरलं. १९९३-९४ मध्ये फक्त ३३ विजय. वेस्टने निक व्हॅन एक्सेल, एडी जोन्स असे तरुण मिळवून पुढच्याच वर्षी ४८ विजयांपर्यंत मजल मारली आणि १९९५ चा सर्वोत्तम एक्झिक्युटिव्हचा, म्हणजे संघ बांधणाऱ्या अधिकाऱ्याचा पुरस्कार त्याला मिळाला. कुणीही इथे समाधान मानलं असतं. पण ४८ विजयांचा संघ आणि विजेता संघ यांतलं अंतर वेस्ट आठ हरलेल्या फायनलमध्ये शिकलेला होता.

१९९६ च्या उन्हाळ्यात लीगमधला बलाढ्य खेळाडू शकील ओ’नीलचा ऑर्लँडोशी करार संपत होता. त्याच वेळी फिलाडेल्फियाजवळच्या एका शाळेतून सतरा वर्षांचा कोबी ब्रायंट कॉलेज टाळून थेट ड्राफ्टला येत होता. लेकर्सने त्याला चाचणीला बोलावलं. समोर मायकेल कूपर, निवृत्त झालेला, चाळिशीतला, पण एके काळी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. थोड्याच वेळात वेस्टने चाचणी थांबवली. त्याला हवं ते दिसलं होतं.

पण लेकर्सची पाळी चोविसावी होती. तोवर कोबी उरणार नव्हता. शार्लट हॉर्नेट्सची पाळी तेरावी. त्यांना सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू हवा होता. ठरलं असं, की शार्लट कोबीला निवडेल आणि लेकर्सला देईल, बदल्यात दिवाच. यात वेस्टचा दुसराही हेतू होता. दिवाचचा पगार गेला की कॅपमध्ये जागा होणार होती, आणि ती जागा शकीलसाठी लागणार होती.

दिवाच हादरला. सात वर्षं लॉस एंजेलिसमध्ये काढलेली, शहर आपलं झालेलं, मायदेशात युद्ध होऊन गेलेलं. शार्लटला जाण्यापेक्षा निवृत्त होईन, असं त्याने सांगून टाकलं. सगळं तिथेच अडलं. वेस्टने त्याची समजूत घातली आणि जुलैत अखेर तो तयार झाला. त्यानंतर वेस्टने आणखी दोन खेळाडू, जॉर्ज लिंच आणि अँथनी पीलर, व्हँकुव्हरला देऊन टाकले, पुन्हा पगाराचीच जागा करायला. मागे वळून बघताना हे सगळं अटळ वाटतं. पण त्या दिवसांत उभं राहून बघा: संघाचा सेंटर गेलेला, आणखी दोघे गेलेले, हातात एक शाळकरी मुलगा आणि शकीलची सही अजून झालेली नाही. ऑर्लँडोने त्या आठवड्यात शकीलसाठी मोठा चेक लिहिला असता तर वेस्टची कारकीर्द तिथेच बुडाली असती.

१८ जुलैला शकीलने सही केली. सात वर्षं, सुमारे १२ कोटी डॉलर. आणि लेकर्सचा स्वतःचा चोविसावा क्रमांक? त्यावर आला डेरेक फिशर. शकील, कोबी आणि फिशर तिघेही २०००, २००१ आणि २००२ च्या विजेत्या संघांत होते. एका उन्हाळ्यात एवढं कुणी कमावल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दिवाचचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. तो सॅक्रामेंटोला गेला, तिथल्या लोकांचा जीव की प्राण झाला, आणि काही वर्षांनी त्याच संघाचा जनरल मॅनेजर झाला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे दुसरा क्रमांक होता. त्याने मार्विन बॅगली निवडला. तिसऱ्या क्रमांकावर गेला लुका डॉन्चिच, पुढे लीगचा मोठा तारा झालेला. लोक दिवाचला त्यावरून अजून बोल लावतात. मला ते जड जातं. त्या खुर्चीत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला १९९६ येत नाही, २०१८ येतं.

वेस्टच्याही वाट्याला तसं काही आलं, फक्त त्यात त्याचा हात नव्हता. लेकर्स सोडून तो २००२ मध्ये मेम्फिसला गेला. तिथला संघ नुकता व्हँकुव्हरहून उठून आलेला, सलग दोन वर्षं ८२ पैकी २३ सामने जिंकलेला. त्या संघाने १९९७ मध्ये, वेस्टचा तिथे संबंधही नसताना, ओटिस थॉर्प नावाच्या वयस्क खेळाडूसाठी भविष्यातला एक ड्राफ्ट-क्रमांक डेट्रॉइटला देऊन ठेवला होता. तो चुकता करायची वेळ २००३ मध्ये आली. अट अशी होती, की लॉटरीत (ड्राफ्टमधले पहिले क्रमांक कुणाला, ते ठरवणाऱ्या सोडतीत) पहिला क्रमांक लागला तरच तो मेम्फिसकडे राहील. दुसरा लागला तरी डेट्रॉइटचा. त्या वर्षीचा पहिला क्रमांक म्हणजे लेब्रॉन जेम्स. लॉटरीच्या मंचावर मेम्फिसकडून वेस्ट स्वतः बसलेला. क्रमांक उलट्या क्रमाने उघडत गेले आणि शेवटी दोनच लिफाफे उरले, क्लीव्हलंड आणि मेम्फिस. पहिला क्रमांक क्लीव्हलंडला. वेस्टच्या हाती काहीच आलं नाही. वेस्टने कधी न केलेल्या सौद्याची किंमत त्याने सगळ्या देशासमोर टीव्हीवर मोजली.

लोकांना बहुतेक तेवढंच आठवतं. मला आठवतो तो त्यानंतरचा हंगाम. वेस्टने त्याआधी हुबी ब्राउनला कोच म्हणून आणलं होतं, वय ६९. लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. लेब्रॉन न मिळालेल्या त्या संघाने २००३-०४ मध्ये ५० सामने जिंकले आणि पहिल्यांदा प्लेऑफ गाठली. ब्राउन सर्वोत्तम कोच ठरला, वेस्ट दुसऱ्यांदा सर्वोत्तम एक्झिक्युटिव्ह. प्लेऑफमध्ये त्यांना एकही सामना जिंकता आला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढची दोन वर्षंही नाही. तरी मेम्फिसचं काम मला लेकर्सइतकंच मोलाचं वाटतं. लॉस एंजेलिसला यायला खेळाडू एका पायावर तयार असतात. मेम्फिसला कुणाला आणायचं म्हणजे एकेकाचं मन वळवावं लागतं.

वेस्टविषयी लिहिणारे बरेचदा असं सुचवतात, की त्याच्या वेदनेतूनच त्याचं मोठेपण आलं. तो असा जळत होता म्हणून असा घडला. मला हे पटत नाही, आणि मुलांसोबत काम करणारा माणूस म्हणून मी त्याच्या ठाम विरोधात आहे. नैराश्याने त्याला दिवसेंदिवस गप्प केलं, घरच्यांपासून तोडलं, कष्टाने मिळवलेल्या यशाचा आनंद घेऊ दिला नाही. १९८५ मध्ये लेकर्सने अखेर बोस्टनमध्येच सेल्टिक्सला हरवून विजेतेपद मिळवलं. तेव्हाही जुन्या जखमा भरल्या नाहीत. त्याची नजर हजारो तास जिममध्ये बसून कमावलेली होती. आजाराने त्याला ती दिली नाही, उलट तिचं सुख हिरावून घेतलं.

२०११ मध्ये तो गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे सल्लागार म्हणून गेला, त्र्याहत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी संघाने अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन निवडला. वेस्टचा त्याला भक्कम पाठिंबा होता. क्लेचे वडील मायकल थॉम्पसन यांना १९८७ च्या फेब्रुवारीत लेकर्समध्ये आणणारा वेस्टच. २०१४ च्या उन्हाळ्यात मिनेसोटाचा केविन लव्ह मिळत होता, ऑल-स्टार, मोठं नाव. बदल्यात क्ले द्यावा लागणार होता. संघातले अनेकजण तयार होते. वेस्टने कडाडून विरोध केला. निक्सनला, दिवाचला जाऊ देणारा माणूस इथे हटून बसला. क्ले न बोलता बचाव करतो, चेंडू हातात न ठेवता गुण करतो, आणि त्याच्यामुळे संघाचा तारा स्टीफन करीला मोकळीक मिळते, हे त्याने पाहिलं होतं. एरवी हे आकड्यांच्या तक्त्यात नीट उतरत नाही.

सौदा झाला नाही. पुढच्याच वर्षी वॉरियर्सनी चाळीस वर्षांनंतर विजेतेपद मिळवलं. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध संघ ३-२ असा मागे, हरले तर घरी, अशा सहाव्या सामन्यात क्लेने अकरा तीन-गुणी बास्केट टाकत ४१ गुण केले. मी तो सामना रविवारी सकाळी चहा थंड होऊ देत पाहिला. चौथ्या सत्रात क्ले रिंगपासून कितीतरी लांबून मारत होता आणि चेंडू जात होता.

त्यानंतर वेस्ट क्लिपर्सकडे गेला आणि १२ जून २०२४ ला, शहाऐंशीव्या वर्षी वारला, तोवर तिथेच काम करत होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याची तिसऱ्यांदा निवड जाहीर केली होती. पहिली १९८० मध्ये खेळाडू म्हणून, दुसरी २०१० मध्ये १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघासोबत, आणि ही तिसरी संघ घडवणारा म्हणून. तीनदा निवडला गेलेला तो पहिलाच. मला विचाराल तर या तिन्हींत तिसरी निवड मोठी. पहिल्या दोन्हींच्या वेळी चेंडू त्याच्या हातात होता.